टॅनाडाइसच्या टाळ्या

१६ मे १९८७ हा शनिवार होता. त्या दिवशी ग्लासगोच्या हॅम्पडेन पार्कवर डंडी युनायटेड हा फुटबॉल संघ स्कॉटिश कपचा अंतिम सामना हरला. त्यानंतरच्या बुधवारी, २० मे रोजी, आपल्या घरच्या टॅनाडाइस पार्क मैदानावर तो यूएफा कपही गमावून बसला. पाच दिवसांत दोन चषक हातातोंडाशी येऊन गेले. त्या दुसऱ्या रात्री एक नवल घडले. आपला संघ हरल्यावर प्रेक्षक उठून घरी जातात, निदान पाहुण्यांची हुर्यो तरी उडवतात, ही जगाची रीत. टॅनाडाइसचे प्रेक्षक मात्र जागचे हलले नाहीत आणि चषक घेऊन मैदानाला फेरी मारणाऱ्या स्वीडनच्या खेळाडूंना त्यांनी टाळ्या वाजवून निरोप दिला. खिलाडूवृत्तीचे पारितोषिक फिफाने त्याच वर्षी सुरू केले होते. ते मिळाले या प्रेक्षकांना.

या टाळ्यांबद्दल आजवर पुष्कळ गोड गोड लिहून झाले आहे. 'हरूनही जिंकले' छापाच्या मथळ्यांना तोटा नाही. मला तो सूर पटत नाही. ते हरले होते आणि ते त्यांना चांगलेच झोंबले होते. त्या टाळ्या कळायच्या असतील, तर आधीचे दहा महिने पाहावे लागतील आणि थोडे ते गावही.

डंडी हे स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे, टे नदीच्या मुखाशी वसलेले शहर. आपल्याकडे हे नाव फारसे कोणी ऐकलेले नसते, पण त्याच्याशी आपला संबंध स्वयंपाकघरापर्यंत येऊन भिडतो. धान्याचे पोते, उंबऱ्याशी पाय पुसायला टाकलेले गोणपाट, बाजारातले बारदान ही सगळी तागाची संतती. एकोणिसाव्या शतकात बंगालचा ताग जहाजांनी डंडीला जाई. देवमाशाच्या तेलात तो मऊ केला जाई, कारण डंडी हे देवमाशांच्या शिकारीचेही बंदर होते. मग तिथल्या गिरण्यांतून त्याची पोती जगभर जात. पुढे डंडीचीच यंत्रे आणि डंडीचेच मुकादम हुगळीच्या काठी आले, १८५५ मध्ये रिशऱ्याला पहिली ताग गिरणी उभी राहिली आणि काही दशकांत कलकत्त्याने डंडीला मागे टाकले. डंडीच्या गिरण्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त, कारण त्यांना मजुरी कमी द्यावी लागे. बेकार नवरे घरी बसून चहाचे आधण ठेवत. त्यांना गावात 'किटली उकळणारे' असेच नाव होते! ज्यांना गिरणगाव ठाऊक आहे त्यांना या शहराची जातकुळी निराळी समजावून सांगायला नको.

अशा शहरात एकाच रस्त्यावर, हाकेच्या अंतरावर, दोन व्यावसायिक फुटबॉल मैदाने आहेत. एक जुन्या डंडी क्लबचे डेन्स पार्क, दुसरे युनायटेडचे टॅनाडाइस. युनायटेडचा जन्म १९०९ चा, तेथे पोटासाठी आलेल्या आयरिश लोकांमधला. कोल्हापूरच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. पेठेपेठेच्या तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवरची त्यांची खुन्नस त्यांनी पाहिलेली असते. फरक एवढाच की डंडीतल्या या धाकट्या क्लबाने १९८० च्या दशकात युरोपातल्या बड्याबड्यांना घाम फोडला.

हे घडवले जिम मॅक्लीन नावाच्या माणसाने. मूळचा सुतार. १९७१ साली तो समोरच्या डेन्स पार्कवरचे प्रशिक्षकाचे काम सोडून टॅनाडाइसला व्यवस्थापक म्हणून आला आणि १९९३ पर्यंत तिथेच राहिला. पैसा नव्हता, म्हणून त्याने पोरे गोळा केली, त्यांना लहानपणीच लांबलचक करारांनी बांधून घेतले आणि घडवले. पॉल हेगर्टी, डेव्ह नॅरी, मॉरिस मालपस, पॉल स्टरॉक ही नावे वर्षानुवर्षे एकाच संघाच्या यादीत दिसतात, त्याचे कारण हे. १९८३ साली युनायटेड स्कॉटलंडचा लीग विजेता झाला, आणि तोही शेवटच्या दिवशी डेन्स पार्कवर शेजाऱ्यांना हरवून. ग्लासगोच्या रेंजर्सने मॅक्लीनला बोलावले होते, तो गेला नाही.

तो संत वगैरे नव्हता. जिंकल्यावरही खेळ मनासारखा झाला नाही म्हणून त्याने खेळाडूंचे पैसे कापल्याच्या हकिकती आहेत. त्या लांबलचक करारांखाली काही खेळाडू घुसमटले. पुढे २००० साली, क्लबचा अध्यक्ष असताना, त्याने एका वार्ताहरावर हात उगारला आणि त्याला पद सोडावे लागले. आपल्याकडे जुन्या मास्तरांबद्दल 'मारकुटे होते, पण शिकवावे त्यांनीच' असे कौतुकाने सांगतात. मला त्या 'पण'चा नेहमीच थोडा राग येतो. मारकुटेपणा वेगळा मोजावा आणि शिकवणे वेगळे. मॅक्लीनच्या बाबतीत दोन्ही भरपूर होते.

आता तो हंगाम. १९८६ च्या उन्हाळ्यात मेक्सिकोच्या विश्वचषकातला मॅराडोना दूरदर्शनवर पाहून आपल्याकडे घराघरांत फुटबॉलची चर्चा चालली होती, तेव्हा टॅनाडाइसवर माणसे गळत होती. मॅक्लीनचा उजवा हात वॉल्टर स्मिथ रेंजर्सला गेला होता. उत्तम बचावपटू रिचर्ड गॉफ लंडनच्या टॉटनहॅमला विकला गेला. त्या वर्षी स्कॉटिश प्रीमियर विभागात बारा संघ होते आणि प्रत्येकाला ४४ सामने खेळायचे होते. त्याशिवाय देशांतर्गत दोन चषक आणि युरोपातला यूएफा कप. एवढ्याशा संघाने एवढ्या आघाड्या उघडाव्यात हे शहाणपणाचे नव्हतेच, पण जिंकत गेले की आघाड्या आपोआप उघडतात.

यूएफा कपमध्ये आधी फ्रान्समधल्या कोळसाखाणींच्या गावचा लान्स आला. तिकडे ०-१ हार, घरी २-० विजय. मग रुमानियाचा क्रायोवा आणि युगोस्लाव्हियाचा हायदुक स्प्लिट. दोघांनाही घरच्या सामन्यातच पुरेसे गोल देऊन ठेवले होते. मार्चमध्ये बार्सिलोना.

या बार्सिलोनाकडे गॅरी लिनेकर आणि मार्क ह्यूज होते, गोलमध्ये झुबिझारेटा होता आणि प्रशिक्षक होते टेरी व्हेनेबल्स. आदल्याच वर्षी हा संघ युरोपियन कपचा अंतिम सामना पेनल्टींवर हरला होता. टॅनाडाइसवर दुसऱ्याच मिनिटाला केव्हिन गॅलाकरने दुरून मारलेला उंच चेंडू झुबिझारेटाच्या डोक्यावरून जाळ्यात शिरला, आणि तो एकच गोल पुरला. १८ मार्चला कॅम्प नोऊवर मात्र काल्डेरेने मध्यंतरापूर्वी बार्सिलोनाला बरोबरीत आणून सोडले. सामना संपायला पाच मिनिटे उरली असता जॉन क्लार्कने डोक्याने गोल केला. लगेच पुढच्या चार मिनिटांत स्टरॉकच्या क्रॉसवर इयान फर्ग्युसनने दुसरा, तोही डोक्यानेच. बार्सिलोना १, डंडी युनायटेड २! गंमत अशी की १९६६ सालीही युनायटेडने बार्सिलोनाला दोन्ही सामन्यांत हरवले होते. चार लढती, चारही विजय.

उपांत्य फेरीत जर्मनीचा बोरुसिया मोनशेनग्लाडबाख. घरी गोलशून्य बरोबरी झाली तेव्हा जाणकारांनी माना हलवल्या. जर्मनीत जाऊन युनायटेडने २-० जिंकले. यूएफा कपच्या अंतिम फेरीत पोचणारा हा पहिला स्कॉटिश संघ. या दोन सामन्यांच्या मधल्या दिवसांत त्यांनी स्कॉटिश कपची उपांत्य फेरीही खेळली, समोर दुसरे कोणी नाही तर शेजारचा डंडी क्लब. तीही ३-२ अशी जिंकली.

मे महिना उजाडला तेव्हा संघाचे साठाहून अधिक सामने होऊन गेले होते. ६ मेला गोथेनबर्गला सुमारे ५० हजार प्रेक्षकांसमोर ०-१ हार झाली, स्टेफान पेटरसनच्या गोलने. दहा दिवसांनी स्कॉटिश कपचा अंतिम सामना, समोर सेंट मिरन. हा पेस्ली गावचा संघ. आपल्या साडीच्या काठावरच्या कोयरीला इंग्रजीत ज्या गावाचे नाव आहे तेच हे पेस्ली, काश्मिरी शालींची नक्कल विणून मोठे झालेले. म्हणजे पोत्यांचे गाव विरुद्ध शालींचे गाव. सगळे युनायटेडलाच विजेता धरून बसले होते. सामना अतिशय रटाळ झाला. नव्वद मिनिटांत गोल नाही, जादा वेळेत एक गोल, आणि तो केला इयान फर्ग्युसनने. हा सेंट मिरनचा इयान फर्ग्युसन. कॅम्प नोऊवर गोल करणारा निराळा. दैव विनोद करते तेव्हा असा करते.

बुधवारी टॅनाडाइस सुमारे २१ हजार माणसांनी भरले होते. बाविसाव्या मिनिटाला गोथेनबर्गच्या लेनार्ट निल्सनने गोल केला. परक्या मैदानावरच्या गोलाला जादा वजन असण्याचा नियम तेव्हा होता, त्यामुळे युनायटेडला आता तीन गोल हवे होते. तासाभराच्या सुमारास क्लार्कने एक केला. पुढचा अर्धा तास ते दमलेले पाय ओढत धावत राहिले. दुसरा गोल झाला नाही. १-१, एकूण १-२.

मी म्हणतो ते हे. या संघाला दुर्दैवाने हरवले नाही, त्याच्याच यशाने हरवले. लवकर बाद झालेले संघ मे महिन्यात ताजेतवाने असतात. जो प्रत्येक स्पर्धेत शेवटपर्यंत टिकतो त्याचेच शेवटच्या पंधरवड्यात पाय जड होतात. मोठ्या क्लबांकडे अशा वेळी बाकावर बसलेली दुसरी फळी असते. युनायटेडकडे तीच ती चौदा-पंधरा माणसे होती. लीगमध्ये ते तिसरे आले, रेंजर्स आणि सेल्टिकच्या मागे. विजेत्यांच्या यादीत १९८७ या सालासमोर त्यांचे नाव कुठेच नाही. दरवर्षी जूनमध्ये पेपरात गुणवंतांचे फोटो पाहून ज्या घरांत मुलांना ऐकवले जाते, त्या घरांतल्या हिशेबानेही हे वर्ष 'फुकट'च गेले म्हणायचे.

टॅनाडाइसच्या प्रेक्षकांचा हिशेब वेगळा होता, आणि तो भाबडा नव्हता. ही माणसे ऑगस्टपासून दर आठवड्याला पाहत आली होती. बार्सिलोना कशाने हरले हे त्यांनी पाहिले होते, म्हणूनच गोथेनबर्ग कशाने जिंकले हेही त्यांना कळत होते. चांगला खेळ ओळखायचे शिक्षण त्यांना त्या कर्दनकाळ मॅक्लीननेच दिलेले. त्या टाळ्यांना मी पाहुण्यांची भलामण समजत नाही की स्वतःच्या मनाची समजूतही नाही. जाणत्या गिऱ्हाईकाने दुसऱ्याच्या दुकानातला माल चांगला आहे हे कबूल करावे, तशा त्या होत्या. आणि मनात सल असताना हे कबूल करणे जड जाते, म्हणून त्यांची किंमत.

असे वर्ष पुन्हा आले नाही, याची कारणे पैशात आहेत. त्याच हंगामात रेंजर्सने ग्रॅम सूनेसच्या हाताखाली टेरी बुचर, ख्रिस वुड्स असे इंग्लंडचे खेळाडू विकत आणून लीग जिंकली. १९८५ साली ॲबर्डीनने विजेतेपद मिळवले होते. त्यानंतर चार दशके ते ग्लासगोच्या दोन क्लबांबाहेर गेले नाही. यूएफा कप, आताची युरोपा लीग, त्याच्या अंतिम फेरीत २००३ साली सेल्टिक आणि २००८ व २०२२ साली रेंजर्स पोचले. तिन्ही वेळा हरले. डंडीच्या ताग गिरण्या एकेक करून बंद पडल्या, शेवटची १९९० च्या दशकाअखेरीस. युनायटेडही पुढे खालच्या विभागात घसरला, वर आला, २०२३ ला पुन्हा घसरला आणि २०२४ ला पुन्हा वर आला.

मॅक्लीनने व्यवस्थापक म्हणून स्कॉटिश कपचे सहा अंतिम सामने खेळवले आणि सहाही हरला. २०२० च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो वारला. तो कप युनायटेडने पहिल्यांदा जिंकला १९९४ साली, रेंजर्सला १-० हरवून. तेव्हा व्यवस्थापक होता इव्हान गोलाक नावाचा हसतमुख सर्ब गृहस्थ, आणि क्लबचा अध्यक्ष होता जिम मॅक्लीन.