पुण्यात जागतिक सायकल शर्यत झाली, पण यवतमाळच्या पांदणीवर पॅडल मारणाऱ्या पोरांचं काय?

जानेवारी २०२६ मधले ते पाच दिवस आठवतायत? मोबाईल उघडला की एकच दृश्य दिसायचं. अंगाला घट्ट बसलेल्या जर्सी घातलेल्या सायकलपटूंचा घोळका, पुढे पोलिसांच्या मोटारसायकली, मागे सुट्या चाकांनी लादलेल्या गाड्या आणि रस्त्याच्या दुतर्फा झेंडे घेऊन उभी असलेली शाळेची पोरं. पुणे ग्रँड टूर असं या शर्यतीचं नाव. १९ ते २३ जानेवारी, एकूण ४३७ किलोमीटर, तीही पुणे जिल्ह्यातल्या घाटवाटांवरून. शर्यतीसाठी रस्ते नव्याने गुळगुळीत केले गेले. "अशी शर्यत रोज झाली तर बरं होईल, निदान खड्डे तरी बुजतील" हा विनोद पुणेकरांनी तेव्हा पोटभर करून घेतला.

पण पुण्यापासून सहाशे किलोमीटरवर असलेल्या यवतमाळमध्ये हेच व्हिडिओ बघणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या पोराला या सगळ्याचा उपयोग काय? त्याच्याकडे रेंजर सायकल आहे, गावाबाहेर माळरान आहे, चढउतार आहेत, दगडगोटे आहेत. माउंटन बायकिंगला लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी त्याच्या दारातच आहेत. नेमकं काय नाही, ते बघू.

आधी त्या शर्यतीचं महत्त्व समजून घेऊ

सायकलिंगची जागतिक संघटना म्हणजे यूसीआय. कुठली शर्यत किती मोठी, हे ती ठरवते. पुण्याच्या शर्यतीचा दर्जा होता २.२. यातल्या पहिल्या २ चा अर्थ शर्यत अनेक टप्प्यांची आहे. दुसरा २ तिची श्रेणी सांगतो. वर्ल्ड टूर, प्रो सिरीज, पहिली श्रेणी आणि मग ही दुसरी श्रेणी, असा हा जिना आहे. म्हणजे पुण्यातली शर्यत जिन्याच्या खालच्या पायरीवरची. पण पायरी खरी आहे, कारण इथे मिळालेले गुण जागतिक क्रमवारीत धरले जातात.

आणि ऑलिम्पिकचा रस्ता याच गुणांतून जातो. भारताचा एकही सायकलपटू १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर या स्पर्धेत उतरलेला नाही. साठ वर्षं उलटून गेली. कारण साधं आहे. गुण मिळवायला परदेशात जाऊन शर्यती खेळाव्या लागतात, सायकल विमानाने न्यावी लागते, सोबत मेकॅनिक लागतो. घरच्या अंगणात शर्यत झाली की यातला बराच खर्च वाचतो. त्यामुळे पुण्यातल्या शर्यतीवर झालेला खर्च वायफळ होता असं म्हणणाऱ्यांशी सहमत होणं अवघड आहे. मात्र ही शर्यत रोड सायकलिंगची होती. डांबरी रस्ता, अरुंद टायर, घोळक्यातली डावपेचांची लढाई. माउंटन बायकिंग हा वेगळाच प्रकार आहे.

जुन्या जड सायकलींवर सुरू झालेला खेळ

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मरिन काउंटी नावाचा भाग आहे. १९७० च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी भंगारातल्या जाड टायरच्या, वजनदार सायकली उचलल्या आणि डोंगरातल्या मातीच्या वाटेवरून खाली सोडायला सुरुवात केली. मागचा ब्रेक उलटं पॅडल मारून लागायचा. उतार एवढा तीव्र की ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरण्याला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच त्या शर्यतीचं नाव झाला: रिपॅक. १९७६ मध्ये तिथे पहिली शर्यत झाली आणि अवघ्या वीस वर्षांत, १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये, माउंटन बायकिंगला स्थान मिळालं.

आज ऑलिम्पिकमध्ये जो प्रकार खेळला जातो त्याला क्रॉस कंट्री म्हणतात. चार ते सहा किलोमीटरचा वळणावळणाचा कच्चा मार्ग, त्यावर फेऱ्या, आणि साधारण दीड तासाचा खेळ. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमधली पुरुषांची शर्यत यूट्यूबवर शोधून बघाच. ब्रिटनचा टॉम पिडकॉक पंक्चर झाला, चाक बदलेपर्यंत साधारण चाळीस सेकंद मागे पडला, तिथून एकेकाला गाठत शेवटच्या फेरीत फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला मागे टाकून त्याने सुवर्णपदक नेलं. क्रिकेटमधली शेवटची ओव्हर फिकी वाटावी असा प्रकार.

आशियाई स्तरावरची ही स्पर्धा भारतातही होऊन गेली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळच्या पोनमुडी डोंगरात आशियाई माउंटन बाइक अजिंक्यपद स्पर्धा भरली होती. पुण्याच्या शर्यतीएवढा गाजावाजा मात्र तिच्या वाट्याला आला नाही.

यवतमाळची जमीन सायकलला काय म्हणते?

यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवर, पठारावर वसलंय. पुसदकडे गेलं की टेकड्यांचा वेढा लागतो. उमरखेडच्या बाजूला पैनगंगेचं जंगल आहे. नकाशावर बघितलं तर माउंटन बायकरला हेवा वाटावा असा जिल्हा. प्रत्यक्षात मात्र इथे सायकल चालवणाऱ्याला तीन गोष्टींशी सामना करावा लागतो.

पहिली काळी माती. पावसाळ्यात पांदणीतून सायकल घातली की चिखल टायरला गुंडाळत जातो, मडगार्ड आणि ब्रेकमध्ये ठासतो आणि शे-दीडशे मीटरवर चाक फिरायचंच थांबतं. मग सायकल खांद्यावर. ज्यांनी शेतात बैलगाडी रुतलेली पाहिलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून जिल्ह्यात कच्च्या वाटेवरच्या सायकलिंगचा खरा हंगाम पाऊस ओसरल्यावरचा. पुढे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा उन्हं चढायच्या आत घरी परतावं लागतं.

दुसरी गोष्ट बाभळीचा काटा. परदेशी व्हिडिओंमध्ये ट्यूबलेस टायर आणि त्यात भरायच्या चिकट द्रवाबद्दल तासन् तास चर्चा चालते. टायरला भोक पडलं की तो द्रव तिथे जाऊन सुकतो आणि हवा आतच राहते. वऱ्हाडात ही चैन नाही, गरज आहे. पण साध्या रेंजर सायकलच्या रिमवर तसा टायर बसत नाही. त्यामुळे सुटी ट्यूब, हवेचा छोटा पंप आणि पंक्चरचं सामान, एवढं पाठीवर असल्याशिवाय गाव सोडायचं नाही हा नियम.

तिसरी गोष्ट वाघ. हे गमतीने लिहिलेलं नाही. पांढरकवड्याजवळचं टिपेश्वर अभयारण्य जेमतेम १४८ चौरस किलोमीटरचं आहे, आणि तिथले वाघ हद्दीबाहेर पडतात. राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात तेरा माणसांच्या मृत्यूसाठी जबाबदार धरल्या गेलेल्या अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली, तो वाद देशभर गाजला. पुढच्याच वर्षी टिपेश्वरमधला एक तरुण वाघ जागा शोधत निघाला आणि शेतं, महामार्ग, तेलंगणातलं जंगल असं करत तीन हजार किलोमीटरच्या आसपास भटकून बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे हे कळलं. लांब पल्ल्याचे सगळे विक्रम बघता यवतमाळचा सर्वांत मोठा एन्ड्युरन्स खेळाडू तोच म्हणायला हवा.

अर्थ काय, तर अभयारण्यात सायकल घालायची सोय नाही, आणि जंगलाला लागून असलेल्या वाटांवर पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने जाणं शहाणपणाचं नाही. सायकलवर वाकलेला माणूस उंचीने लहान दिसतो आणि त्याचा आवाजही होत नाही. जंगलालगतच्या मार्गाचा विचार करणाऱ्याने वनविभागाला आधी विचारायला हवं, नंतर नाही.

राहिले डांबरी रस्ते. नागपूरहून तुळजापूरकडे जाणारा महामार्ग यवतमाळमधून जातो, पांढरकवड्यातून देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग जातो. रस्ते चकाचक झालेत, पण उलट्या दिशेने येणारी दुचाकी कधी समोर ठाकेल सांगता येत नाही. वणीकडे कोळशाचे ट्रक आणि धूळ.

जिल्ह्यातली खरी माउंटन बाइक कुठली?

या चर्चेत सहसा न येणारी एक गोष्ट आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून १२५ मागास तालुक्यांमधल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकल मिळते. यवतमाळमधले तालुकेही त्यात आहेत. एका सायकलसाठीचं अनुदान आधी साडेतीन हजार होतं, २०२२ मध्ये ते पाच हजार झालं. गिअर नाही, सस्पेन्शन नाही, मागे दप्तर. आणि या सायकली रोज खडीच्या, उखडलेल्या, नाल्यातून जाणाऱ्या वाटांवर पळतात. मरिन काउंटीतल्या त्या जड सायकली आठवा.

या मुलींमध्ये कोणी दमदार सायकलपटू असेल तर ती कळणार कशी? हा प्रश्न हवेतला नाही. विदर्भातल्याच भंडारा जिल्ह्यातल्या मयुरी लुटे आणि शुशिकला आगाशे या दोघींनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि २०२३ च्या हांगझाऊ आशियाई खेळांत ट्रॅक सायकलिंगमध्ये भारताचं प्रतिनिधित्व केलं. तिकडे संगमनेरच्या प्रणिता सोमणने माउंटन बायकिंगमध्ये नाव कमावलं. म्हणजे लहान गावातून वर जाता येतं. पण अशा खेळाडूंना कुणीतरी हेरावं लागतं, मग घर सोडून प्रशिक्षण केंद्रात जावं लागतं. खेळाडू जिल्ह्यातून निघतो, घडतो दुसरीकडे.

शर्यतीच्या लायकीची सायकल घ्यायची तर खर्च सहज लाखाच्या घरात जातो. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, हे चांगलंच झालं. पण कापसाला भाव नसलेल्या वर्षी लाखातले सात हजार वाचले म्हणून कोणी पोराला कार्बनची सायकल घेऊन देत नाही.

घरच्यांचा सरळ प्रश्न असतो: यातून मिळणार काय? त्यालाही उत्तर आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात. पण दोन्हीसाठी अधिकृत स्पर्धेतली कामगिरी लागते. रविवारी सकाळी मित्रांसोबत मारलेले साठ किलोमीटर त्यात धरत नाहीत, ॲपवर कितीही लाईक मिळोत.

लांब पल्ल्याचा दुसरा रस्ता

म्हणूनच विदर्भातले हौशी सायकलस्वार वेगळ्याच वाटेला लागलेले दिसतात. ब्रेव्हे नावाचा प्रकार. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. पहिला-दुसरा नंबर नाही, वेळेत पोचलात की झालं. नोकरी सांभाळून, तिशी-चाळिशीतही करता येतं. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही साधारण ४८०० किलोमीटरची शर्यत एकट्याने बारा दिवसांच्या मर्यादेत पूर्ण केली. त्याआधी २०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी ती जोडीने केली होती. डॉक्टरांची ही रांग बघून एक गोष्ट लक्षात येते. या खेळाला जिद्द लागते हे खरं, पण सोबत गाडी आणि माणसांचा ताफा घेऊन जाण्याइतका पैसाही लागतो.

आणि नुसतं बघणाऱ्यांचं काय? त्यांची सध्या चैन आहे. जुलैमध्ये टूर दि फ्रान्सचे टप्पे भारतीय वेळेनुसार रात्री नऊच्या आसपास संपतात, म्हणजे जेवणाच्या ताटावर बसून तादेय पोगाचारचा हल्ला बघता येतो. २०२०, २०२१, २०२४, २०२५ अशी चार वेळा त्याने ही शर्यत जिंकलीय. घोळक्यात मागे राहून वारा कसा वाचवायचा, सहकारी नेत्यासाठी स्वतःला का संपवून टाकतात, हे एकदा कळलं की चार तासांचं प्रक्षेपणही कंटाळवाणं वाटत नाही.

मग यवतमाळात शर्यत होऊ शकते का?

क्रॉस कंट्रीसाठी चार किलोमीटरची एक गोल वाट पुरते. जंगल नको, महामार्ग बंद करायला नको, नवं डांबरही नको. गावाबाहेरचं गायरान, वाट दाखवणाऱ्या फिती, एक रुग्णवाहिका आणि हेल्मेटची सक्ती. ग्रामपंचायत आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने मनावर घेतलं तर पुण्यातल्या शर्यतीच्या खर्चापुढे हा आकडा दिसणारही नाही. गट दोन ठेवावे लागतील: एक गिअरच्या सायकलींचा, एक साध्या सायकलींचा. योजनेतल्या सायकलवरून येणाऱ्या मुलींना दुसऱ्या गटात उतरता येईल, आणि शर्यत संघटनेच्या मान्यतेची असेल तर तिथली वेळ पुढच्या निवडीसाठी कागदावर राहील.

अडचण आहे ती तारखेची. चिखल सुकलेला, ऊन न तापलेलं असे महिने ऑक्टोबर ते जानेवारी. नेमके तेच कापूस वेचणीचे. त्या दिवसांत रविवारी सकाळी गावातली निम्मी पोरं-पोरी शेतात असतात.