तीस मीटरची जागा हवी

वार्षिक क्रीडास्पर्धांत या वर्षी गोल्फ घ्यावा, अशी सूचना क्रीडाशिक्षकांनी मांडली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत आधी हशाच पिकला. आपले मैदान ते केवढे, आणि गोल्फ म्हणजे राजेरजवाड्यांचा खेळ! पण बडोद्याला तो परका नाही. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात गोल्फचे मैदान आहे, आणि खेळाडूंच्या काठ्या वाहणाऱ्या कॅडींची काही मुले आपल्याच वर्गांत बसतात. सूचनेत पुढे असे होते की, जो सर्वात लांब चेंडू मारील त्याला ढाल. गोल्फ खुशाल असावा; या ‘सर्वात लांब’ला मात्र आमचा विरोध आहे.

कारण सांगतो. चेंडू ग्रीनपासून, म्हणजे भोक असलेल्या गुळगुळीत हिरवळीपासून, दहा-वीस-तीस मीटरवर येऊन पडला की जोराचे काम संपते. तिथे वेज नावाची, पाते बरेच कललेली काठी घ्यायची आणि चेंडू उचलून नेमका हव्या त्या जागी टाकायचा. हे दिसते सोपे. गेल्या महिन्यात नववीतल्या एका विद्यार्थ्याने आमच्या हातात काठी दिली. निशाण दहा मीटरवरचा टॉवेल. आमचा पहिला चेंडू थेट कुंपणापलीकडे, दुसरा दोन पावलांवर. “सर, तुम्ही हात फार मागे नेता आणि मग घाबरून मधेच आवरता,” तो म्हणाला. तीस वर्षांच्या नोकरीत आमच्या चुकीचे इतके नेमके निदान कोणी केले नसेल!

त्याची रीत अशी. डावा हात घड्याळाचा काटा समजायचा. एकदा तो साडेसातपर्यंत मागे न्यायचा, एकदा नऊपर्यंत, एकदा साडेदहापर्यंत. लय तिन्ही वेळा तीच. पुढे हात तितकाच जाऊ द्यायचा, चेंडूजवळ येऊन गती कमी करायची नाही. प्रत्येक मापाचे दहा चेंडू मारायचे आणि चेंडू कुठे टेकला ते पावलांनी मोजून वहीत लिहायचे. घरंगळत कुठे गेला ते वेगळे लिहायचे, कारण घरंगळणे गवतावर आणि उतारावर ठरते. ही घड्याळाची रीत अमेरिकेतील डेव्ह पेल्झ यांनी प्रसिद्ध केली. ते आधी ‘नासा’त शास्त्रज्ञ होते. मुलाला हे नाव माहीत नव्हते. त्याला वडिलांनी शिकवले होते.

आमची पदवी हिंदी माध्यमातली. तिथे ‘अंदाज’ म्हणजे अदमासही आणि ढबही. या खेळात दोन्ही अर्थ एकाच फटक्यात लागतात.

लांब मारणाराच जिंकतो, असे ज्या पालकांना वाटते त्यांनी २००७ सालची ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धा आठवावी. झॅक जॉन्सन हा काही लांब मारणारा खेळाडू नव्हे. पाच फटक्यांत पुरे करायची लांबलचक होल त्याला चार दिवसांत सोळा वेळा खेळावी लागली. एकदाही त्याने दुसऱ्या फटक्यात ग्रीन गाठण्याचा हट्ट धरला नाही. चेंडू मुद्दाम आपल्या वेजच्या अंतरावर ठेवला आणि तिथून नेमका टाकला. त्या सोळा होलांवर त्याने अकरा फटके वाचवले आणि स्पर्धा जिंकली. टायगर वुड्स त्याच्या मागे राहिला. आपली अदिती अशोक २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला चौथी आली, पदक एका फटक्याने हुकले. लांबीत ती त्या मैदानावर जवळजवळ शेवटच्या रांगेत होती. तिला वर नेले ते हिरवळीजवळच्या आणि हिरवळीवरच्या खेळाने.

सरावाबद्दल एक गोष्ट शिक्षक म्हणून सांगावीशी वाटते. वीस मीटरच्या टॉवेलवर एकामागून एक तीस चेंडू मारले की हात बसल्यासारखा वाटतो. दुसऱ्या दिवशी तोच हात चुकतो. शिया आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ साली हाताच्या हालचालींवर प्रयोग केला. क्रम मिसळून सराव करणारे सरावाच्या वेळी मागे पडले, पण नंतरच्या परीक्षेत पुढे गेले. म्हणून मापे वहीत उतरली की पुढे प्रत्येक चेंडूला टॉवेल बदलावा: दहा, तीस, वीस, पुन्हा दहा. (गणिताच्या गृहपाठात एकाच प्रकारची वीस उदाहरणे देणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनीही हे वाचावे.)

खर्चाचा आक्षेप येणार. नियमाने खेळाडूला चौदा काठ्या बाळगता येतात. आम्हाला वेज तेवढी हवी. दोन-तीन वापरलेल्या वेज, जुने चेंडू आणि टॉवेल एवढ्यावर काम भागते. उलट लांब फटक्याच्या स्पर्धेसाठी आपल्याला मैदानच नाही, आणि ज्याच्या घरी भारी काठी आहे त्याच मुलाची ढाल आधी ठरते. तीस मीटरच्या पट्टीवर कॅडीचा मुलगा आणि कारखानदाराचा मुलगा यांना तेच तीन टॉवेल. मुलींनाही तेच.

चेंडू कठीण असतो, लागला तर डोके फुटू शकते, ही विश्वस्तांची काळजी मात्र रास्त आहे. आम्ही ती हसण्यावारी नेणार नाही. यासाठी मागच्या भिंतीलगतची पट्टी मागतो आहोत. मारण्याची दिशा एकच, भिंतीकडे. बाकी सगळे मारणाऱ्याच्या मागे आखलेल्या रेषेआड. वेळ बालवर्ग घरी गेल्यानंतरची. सर्वांचे चेंडू मारून झाल्याशिवाय कोणी वेचायला पुढे जायचे नाही. प्रयोगशाळेची खिडकी त्या बाजूला आहे. तिला जाळी बसवावी लागेल, आणि तिचा खर्च विश्वस्त मंडळाने मंजूर करावा, अशी विनंती आहे. ढाल मात्र दहा चेंडूंत टॉवेलच्या सर्वात जवळ टाकणाऱ्यालाच मिळावी.