फटफटी विकून मोटार?

'जुने ते सोने' असे आपण म्हणतो. पण एका सोन्यासाठी दुसरे सोने मोडावे काय? सध्या हा प्रश्न माझ्यापुढे आहे. गावातल्या एका गॅरेजच्या मागे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी विकाऊ उभी आहे. ती घेऊन दुरुस्त करायची, तर वडिलांनी मला दिलेली येझदी विकावी लागेल. "विकून टाक!" हा मित्रांचा एकमुखी सल्ला.

मला तो पटत नाही. पद्मिनीचा मोह मलाही आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही मोटार २०२३ साली मुंबईच्या टॅक्सीतळावरूनही निवृत्त झाली. पण माझी येझदी जिथे बनली, तो म्हैसूरचा कारखाना तर १९९६ सालीच बंद पडला. मग तिचे मोल कमी कसे?

शिवाय हिशेबही पाहावा. पद्मिनीला वेगळी चासी नसते. पत्र्याचा सांगाडाच सारा भार पेलतो. तळ गंजला, की इंजिन कितीही उत्तम असो, पत्राकाम पैसा गिळत राहते. येझदीचे पैसे तेवढ्यातच संपतील आणि दारात अर्धवट मोटार उभी राहील. येझदीवरून मात्र मी रोज कॉलेजला येतो, दर आठवड्याला आईला तालुक्याच्या दवाखान्यात नेतो. त्या दिवशी तिला काय सांगू?

मित्रहो, जे चालते आहे ते चालते ठेवणे, हे पहिले जतन. पद्मिनीसाठी मी स्वतःच्या कमाईची वाट पाहीन. येझदी विकणार नाही.