उपाहारगृहाची परीक्षा

यवतमाळ जिल्ह्यातील एखादा शेतकरी किंवा विद्यार्थी प्रथमच मुंबईस जातो, तेव्हा समुद्राच्या खालोखाल त्याच्या नजरेत भरते ते तेथील उपाहारगृहांचे विश्व. वर्धा किंवा धामणगाव येथे रात्रीच्या गाडीत बसून तो सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. स्थानकाबाहेर पाऊल टाकताच कोठे कढईत वडे तळले जात असतात, कोठे वाफाळलेल्या इडल्यांची ताटे हलत असतात, तर कोठे संगमरवरी मेजांवर चहाचे पेले खणखणत असतात. थोडे पुढे जावे, तर मालवणी माशांचे कालवण, गुजराती थाळी, मोगलाई पुलाव आणि चिनी पदार्थ यांच्या पाट्या एकीशेजारी एक झळकताना दिसतात. गावी परतल्यावर तो मोठ्या कौतुकाने सांगतो, "काय ते शहर! मागाल ते खायला मिळते."

हे कौतुक अगदी स्वाभाविक आहे. तथापि मागाल ते मिळते, एवढ्यावरून एखाद्या शहराची उपाहारगृहे उत्तम ठरतात काय? पदार्थांची यादी लांब असली, दिवे झगमगीत असले आणि खुर्च्या मऊ असल्या, म्हणजे उपाहारगृहाची परीक्षा पूर्ण झाली काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर मुंबईत ही विविधता आली कोठून, हे आधी पाहिले पाहिजे.

या विविधतेच्या मुळाशी यवतमाळच्या काळ्या जमिनीत पिकणाऱ्या कापसाचाही थोडा वाटा आहे. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीची स्थापना झाली आणि त्यानंतर तेथे गिरण्यांमागून गिरण्या उभ्या राहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत लहान रुळांची आगगाडी सुरू झाली, ती प्रामुख्याने वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठीच. ती गाडी आता बंद पडली आहे. परंतु तिने वाहिलेल्या कापसासारख्याच कापसावर मुंबईचा गिरणगाव वाढला. गिरण्यांत काम करण्यासाठी कोकणातून आणि घाटावरून हजारो माणसे आली. बहुतेकांची बायकामुले गावीच राहिली. दिवसभर यंत्रापुढे राबून आलेल्या या माणसांना भाकरी कोण भाजून घालणार? गिरणगावातील कष्टाळू स्त्रियांनी आपल्या लहानशा खोल्यांत चूल पेटविली आणि महिन्याच्या हिशेबाने त्यांना जेवू घालण्यास प्रारंभ केला. अशा रीतीने मुंबईच्या खानावळी जन्मास आल्या.

दुसरीकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी इराणातील यझ्द, करमान या भागांतून जरथुश्त्री कुटुंबे मुंबईस आली. कोपऱ्यावरची जागा अशुभ मानून पुष्कळ व्यापारी ती टाळीत, आणि नेमक्या तशा जागा या इराण्यांनी घेतल्या, असे सांगतात. तेथे त्यांनी चहा, ब्रून-मस्का आणि खारी बिस्किटे यांची दुकाने थाटली. धोबीतलावाजवळचे 'कयानी' १९०४ साली सुरू झाले, तर बॅलार्ड इस्टेटमधील 'ब्रिटानिया' १९२३ साली. पुढे दक्षिणेकडून, कर्नाटकाच्या किनाऱ्यावरून, उडुपीची माणसे आली. त्यांनी इडली, डोसा आणि केळीच्या पानावरचे जेवण आणले. माटुंग्यास १९४२ साली सुरू झालेले रामा नायक यांचे 'उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग' हे या परंपरेतील एक प्रसिद्ध नाव होय.

मुंबईचा म्हणून आज साऱ्या देशात ओळखला जाणारा वडापाव पाहावा. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर तो विकला जाऊ लागला, असे मानले जाते. त्यातील बटाटा आणि मिरची ही मूळची अमेरिका खंडातील पिके. ती पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर भारतात आली. पावही पोर्तुगीजांकडून आला. डाळीचे पीठ, लसूण आणि फोडणी मात्र इथलीच. दूर देशींच्या वस्तू एकत्र आल्या आणि त्यांतून एक स्वस्त, पोटभरीचा मराठी पदार्थ झाला. यावरून ध्यानी येते की, मुंबईतील पदार्थांची विविधता ही कोणा एका धनिकाने विकत आणलेली शोभा नव्हे. पोटासाठी घर सोडून आलेल्या माणसांनी आपापल्या घरची चव बरोबर आणली आणि परक्यांपुढे ठेवली. खाणाराही परगावचा आणि रांधणाराही परगावचा. या देवघेवीतून ते वैभव निर्माण झाले.

म्हणून उपाहारगृहाची पहिली परीक्षा त्याच्या दाराशीच होते. घरापासून दूर असलेल्या अनोळखी माणसाला तेथे निःसंकोच बसता येते काय, हा पहिला प्रश्न. पूर्वी याचे उत्तर सरळ नव्हते. अनेक उपाहारगृहांचे दार जात पाहून उघडत असे. कित्येक ठिकाणी अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसाला बाहेर उभे राहून, वेगळ्या कपातून चहा प्यावा लागे आणि तो कप आपल्याच हाताने धुऊन ठेवावा लागे. खिशात पैसे असूनही ज्याला बाकावर बसता येत नव्हते, त्याला आतल्या पदार्थांच्या विविधतेचे काय होय?

भारताच्या संविधानाने हा अन्याय ओळखला. २६ जानेवारी १९५० पासून अमलात आलेल्या या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि सार्वजनिक उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कोणाही नागरिकाला तेथे प्रवेश करण्यास आडकाठी करता येणार नाही, असे ते सांगते. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १९५५ च्या कायद्याने अशी आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. देशाच्या सर्वोच्च ग्रंथात उपाहारगृहाला स्थान मिळावे, यातच त्याचे महत्त्व दिसून येते. परक्यांबरोबर एका मेजावर बसून खाणे ही बाब वरवर क्षुल्लक वाटते; परंतु समतेचा पहिला घास माणूस तेथेच घेतो.

आज दारावर जातीची पाटी नसते. तरीही धुळीने माखलेल्या चपला घालून आलेला, डोक्याला पंचा गुंडाळलेला शेतकरी काचेच्या दाराशी क्षणभर थबकतो, आणि आतला नोकर त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहतो. कायदा दार उघडू शकतो. त्या माणसाला "या, बसा" असे म्हणण्याचे काम मात्र माणसालाच करावे लागते.

दुसरी परीक्षा स्वयंपाकघरात होते. ग्राहकाला मेज दिसते. मोरी दिसत नाही. चटणी दिसते; ती वाटताना वापरलेले पाणी दिसत नाही. भजी कुरकुरीत लागतात. परंतु तेच तेल कितव्यांदा तापविले, हे जिभेला कळत नाही. म्हणून स्वच्छता ही उपाहारगृह चालविणाऱ्याच्या सचोटीची खूण होय. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार खाद्यपदार्थ विकणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी किंवा परवाना घेतला पाहिजे, आणि त्याचा चौदा अंकी क्रमांक ग्राहकाला दिसेल असा लावला पाहिजे. हा नियम मोठ्या हॉटेलास लागू आहे, तसाच लहानशा टपरीसही लागू आहे. नियम चांगला आहे. पण भिंतीवरचा कागद भांडी घाशीत नाही. झाकून ठेवलेले पाणी, धुतलेले हात आणि ताजे अन्न यांना फार पैसा लागत नाही. गरिबाच्या खानावळीतही ती असू शकतात आणि श्रीमंत हॉटेलातही नसू शकतात.

तिसरी परीक्षा सर्वांत कठीण आहे, कारण तिच्याकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. वाढणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या हातांचे काय होते, हा तो प्रश्न. वर्षानुवर्षे शहरांत आणि खेड्यांत, चहाच्या दुकानांत दहा-बारा वर्षांची मुले कपबशा विसळीत असत. "ए पोऱ्या!" हेच त्यांचे नाव असे. गिऱ्हाईक चहाची स्तुती करी आणि निघून जाई. कप विसळणारा मुलगा त्या वेळी शाळेत का नाही, हे विचारण्याचे त्याच्या मनातही येत नसे. १० ऑक्टोबर २००६ पासून उपाहारगृहे, ढाबे आणि चहाची दुकाने यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास बंदी करण्यात आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी आणखी व्यापक झाली. तरीही जेथे असा एखादा मुलगा दिसतो, तेथील चहा कितीही फक्कड असला तरी त्या दुकानास उत्तम म्हणता येणार नाही. वर्गात बसून धडा वाचणाऱ्या मुलाच्या वयाचाच तो असतो.

मोठ्या माणसांच्या श्रमांचेही तसेच आहे. गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रिया महिनाभर जेवू घालीत आणि पैसे महिन्याच्या शेवटी घेत. तोवर धान्य उधारीवर आणावे लागे, कर्ज काढावे लागे, आणि व्याजात कमाई विरघळून जाई. हजारो कामगारांची भूक भागविणाऱ्या या स्त्रियांची विवंचना कोणाच्याच हिशेबात नव्हती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांना एकत्र आणून 'अन्नपूर्णा महिला मंडळ' स्थापन केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुढे १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. लक्षावधी कामगार बेकार झाले आणि खानावळींचे कंबरडे मोडले. तेव्हा संघटित असण्याचे मोल या स्त्रियांना अधिकच कळले असेल. अन्नाची चव जितकी मसाल्यात असते, तितकीच ती रांधणाऱ्याच्या स्वस्थ मनातही असते.

यावर कोणी म्हणेल, "उपाहारगृहात माणूस खाण्यासाठी जातो. चव चांगली आणि किंमत परवडणारी असली म्हणजे झाले. इतर चौकशा कशाला?" या म्हणण्यात थोडे तथ्य आहे. बेचव अन्न केवळ सद्गुणांवर खपत नाही, आणि ज्याच्या खिशात मोजकेच पैसे आहेत त्याला किंमत आधी पाहावी लागते. परंतु चव हा उपाहारगृहाचा पहिला गुण असला, तरी तो एकमेव गुण नव्हे. ज्या पदार्थासाठी कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागले, कोणाला आजारी पडावे लागले किंवा कोणाची शाळा सुटली, त्याची खरी किंमत दरपत्रकावर लिहिलेल्या आकड्याहून फार मोठी असते. ती दुसराच कोणी भरत असतो, एवढेच.

ही परीक्षा केवळ समुद्रकाठच्या महानगरीसाठी आहे, असेही नाही. यवतमाळच्या बसस्थानकाजवळ घाटंजी, आर्णी, राळेगाव, केळापूर अशा तालुक्यांतून कामासाठी आलेली माणसे दुपारी जेवणाची जागा शोधतात. शिकण्यासाठी खोली घेऊन राहिलेले विद्यार्थी खानावळीचा डबा लावतात. त्यांच्या दृष्टीने यवतमाळ हीच मुंबई होय. विविधतेचीही येथे वाण नाही. या जिल्ह्यात मराठीबरोबरच गोंडी, कोलामी, बंजारा, उर्दू आणि तेलुगू बोलणारी घरे आहेत, आणि प्रत्येक घराची स्वतंत्र चूल आहे. ज्वारीची भाकर, झुणका, अंबाडीची भाजी, वांग्याचे भरीत, पाटोडीचा झणझणीत रस्सा, तर्री घातलेले पोहे हे पदार्थ कोणत्याही नगरीच्या पंगतीत मानाने बसतील असे आहेत. मुंबईतील मोठमोठ्या उपाहारगृहांतून ज्वारीची भाकर आता कौतुकाने वाढली जाते. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. असे असता ज्वारीच्याच मुलखातील मुलाने चारचौघांत भाकर मागण्यास लाजावे, हे योग्य नव्हे. मुंबई मोठी झाली ती आलेल्यांनी आपली चव लपविली नाही म्हणून.

मुंबई पाहून परतणाऱ्या त्या प्रवाशाने उपाहारगृहांच्या संख्येचे कौतुक अवश्य करावे. मात्र गावच्या साध्या खानावळीत शिरताना त्याने मान खाली घालू नये. तेथे आलेल्या प्रत्येकाला "या, बसा" म्हटले जात असेल, पाण्याचा माठ झाकलेला असेल, वाढणाऱ्याच्या कष्टाचे योग्य दाम मिळत असेल आणि त्याचा मुलगा त्या वेळी शाळेत गेलेला असेल, तर ती खानावळ कोणत्याही महानगरीतील उत्तम उपाहारगृहाच्या तोडीची आहे, असे त्याने खुशाल समजावे.