धर्मादाय चमचा

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या गळ्यात समाज दोन कामे हमखास बांधतो. एक, फाटक्या नोटा बदलून देणे आणि दोन, कुठल्याही समितीचा हिशेब लिहिणे. मी बी.कॉम. आहे, वय पंचेचाळीस, आणि वरवट बकालच्या शाखेत कॅश काउंटरवर बसतो. शेगावहून उत्तरेला निघालात, पूर्णा ओलांडलीत आणि सातपुड्याच्या दिशेने जात राहिलात, की वाटेत आमचे गाव लागते. गेल्या वीस वर्षांत मी इथे गणपतीचे, हरिनाम सप्ताहाचे, क्रिकेटच्या सामन्यांचे, झालेच तर एका मोडलेल्या लग्नाचेसुद्धा हिशेब लिहिले आहेत. त्यामुळे अकोल्याहून आमच्या साडूभाऊंचा फोन आला तेव्हा, ‘वही घेऊन येऊ का?’ एवढेच मी विचारले.

साडूंच्या मंडळाने मुलींच्या एका वसतिगृहाच्या मदतीसाठी ‘चाखणी संध्या’ ठरवली होती. (मंडळाचे नाव सांगत नाही. साडूंशी अजून बोलणेचालणे आहे.) मुंबईहून एक नामवंत शेफ येणार, पाच पदार्थ करणार, 120 मान्यवर ते चाखणार, माणशी तिकीट 1500 रुपये. हिशेब मी लिहायचा आणि मोबदला म्हणून मला फुकट पास. म्हणजे दानधर्माच्या त्या सोहळ्यात एक पैही न देता बसलेला 121 वा माणूस मी होतो. हे आधीच कबूल केलेले बरे, कारण पुढे मी बरेच काही बोलणार आहे.

निघताना सौ. म्हणाली, “जेवून जा हो.”

“अगं, तिथे जेवायलाच तर चाललोय.”

“पासावर जेवण कुठे लिहिलंय? चाखणं लिहिलंय.”

बायकांना कागद बरोबर वाचता येतो. आम्ही बँकवाले फक्त सही जुळते का ते पाहतो.

तरी शेगावात मोटारसायकल आपोआप थांबली. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मांनी 1950 च्या सुमारास शेगाव स्टेशनावर कचोरी विकायला सुरुवात केली. पुढे तिने असे नाव काढले, की या वाटेने जाणारा माणूस ती खाल्ल्याशिवाय पुढे गेला तर घरचे त्याची तब्येत विचारतात. कागदात गुंडाळलेली कचोरी, सोबत तळलेली हिरवी मिरची. हातात पडते, खिशाला परवडते आणि पोटाला समजते. मी दोन खाल्ल्या. तिसरी मोठ्या संयमाने टाळली. त्या संयमाचा रात्री फार पश्चात्ताप झाला.

चाखणीला मी वेळेवर पोचलो. पहिला पदार्थ आला तो पाटीवर. पाटी म्हणजे खरोखरीची दगडी काळी पाटी. लहानपणी अशाच पाटीवर आम्ही अ-आ-इ काढीत असू. शेफने तिच्यावर वांग्याचे भरीत काढले होते. वाढले होते असे मला म्हणवत नाही. बोटभर रेघ, तिच्यावर ज्वारीचा टिकलीएवढा पापुद्रा आणि कोथिंबिरीचे एक पान. मी ते चाखले, आणि वाचकहो, खोटे कशाला सांगू, डोळे मिटले! आयुष्यात असे भरीत खाल्ले नव्हते. धुराचा वास, जवसाच्या चटणीचा खमंगपणा, मागून हळूच येणारा लसूण! तेव्हा शेफच्या हातात जादू आहे, हे पहिले लिहून ठेवतो. माझी तक्रार जादूगाराबद्दल नाही.

पण पुढचे चारही पदार्थ याच मापाने आले. आमच्या शेजारच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात धान्ये, पापड, भजी, पुरी असे सगळे मांडून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी त्यावरून वर्षाचे भाकीत सांगतात. त्यात पुरी म्हणजे पृथ्वी. पुरी जागेवर नसली की लोकांच्या काळजात धस्स होते. मी त्या संध्याकाळी पाचही पदार्थांत पुरी शोधली. पोळी शोधली. निदान भाताची मूद तरी शोधली. पृथ्वीचे काही खरे दिसेना.

कार्यक्रमाच्या सुरुवातीला वसतिगृहातल्या सहा मुलींनी स्वागतगीत म्हटले होते. गीत झाल्यावर त्या भिंतीशी ओळीने उभ्या राहिल्या. फोटोत त्या यायला हव्या होत्या. त्यांच्यासाठी पुलावाची पाकिटे मागच्या खोलीत ठेवली होती, ती कार्यक्रम संपल्यावर मिळणार होती. मी हात धुवायला उठलो तेव्हा त्यांतली एक जवळ आली. दहा-अकरा वर्षांची असेल.

“काका, तुमी वरवटच्या बँकेतले ना? माह्या आजीले पैसे देता तुमी.”

आजी लक्षात आली. निराधार योजनेचे पैसे घ्यायला दर महिन्याला येते, अंगठा देते आणि नोटा तीन वेळा मोजते.

“त्या काया पाटीवर काय व्हतं, काका?”

“वांग्याचं भरीत.”

“भरीत?” तिला हसू आवरेना. “मंग एवढुसं काऊन?”

बी.कॉम.च्या तीन वर्षांत आणि नोकरीच्या वीस वर्षांत मला इतका नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी ‘असंच असतं ते’ की कायसे पुटपुटलो आणि जागेवर येऊन बसलो. सहावा पदार्थ नव्हताच. आभारप्रदर्शन मात्र पोटभर झाले.

रात्री परत निघालो तेव्हा पोटात पाच चमचे होते आणि दुपारच्या दोन कचोऱ्यांची आठवण. शेगाव सोडल्यावर एका वळणावर पत्र्याची टपरी उघडी दिसली. बाहेर एक ट्रक उभा होता. वाटेत चांगले खायचे असेल तर माझा एकच नियम आहे. पाटी वाचू नका, ट्रक मोजा. टपरीवाला चूल विझवण्याच्या बेतात होता.

“काही नाई राह्यलं भाऊ. पिठलं टाकू काय? भाकरी हायेत.”

पिठले आले, ज्वारीची भाकरी आली, ठेचा आला, कांदा त्याने मुठीने फोडून दिला. पण माझ्या आधी त्याने एक ताट बाकाच्या टोकाला बसलेल्या एका म्हाताऱ्यासमोर ठेवले. म्हातारा काही बोलला नाही, खाऊ लागला. पैशांचे काही दिसेना, म्हणून मी सवयीने चौकशी केली.

“त्याचं रोजचंच हाय,” टपरीवाला म्हणाला. “तो पयले जेवते, मंग मी गल्ला मोजतो.”

ना स्वागतगीत, ना स्मृतिचिन्ह. माझे साठ रुपये झाले. गल्ल्यात टाकताना मला उगीचच बरे वाटले, आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी माझ्या खिशातून दानाच्या जवळपास गेलेली रक्कम तेवढीच.

रविवारी वही उघडली. जमा 1,80,000 रुपये. खर्च असा: सभागृह व सजावट 48,000, शेफचा प्रवास व मुक्काम 36,000, स्वयंपाकाचे सामान 31,000, फलक व चित्रीकरण 17,500, शाल-श्रीफळ, पुष्पगुच्छ व स्मृतिचिन्हे 12,500. एकूण 1,45,000. वसतिगृहाला शिल्लक 35,000. म्हणजे प्रत्येक मान्यवराच्या 1500 रुपयांपैकी मुलींपर्यंत 291 रुपये 67 पैसे पोचले. बाकीचे 1208 रुपये 33 पैसे त्याने स्वतःच्याच करमणुकीवर खर्च केले, आणि पावतीवर मात्र ‘देणगी’ असा शब्द होता.

साडूंना फोन करून मी म्हटले, “प्रत्येकाने घरी बसून नुसते पाचशे दिले असते तर साठ हजार झाले असते.”

साडू हसले. “भाऊ, तुम्ही बँकेत बसता, लोकांत बसत नाही. घरी बसून कुणी पाचशे देत नाही. हातात चमचा दिला की पंधराशे देतात. पस्तीस हजार तर पस्तीस हजार! तेवढ्यात मुलींच्या गाद्या येतात. तुमच्या त्या टपरीवाल्याच्या एका ताटातून गाद्या येतील का?”

हा मुद्दा खरा आहे, आणि खरा मुद्दा नाकारायचा नसतो. गाद्या आल्या. बिल मीच वहीला लावले. तेव्हा चाखणी बंद करा असे मी म्हणणार नाही. जिभेचे चोचले पुरवता पुरवता कुणाच्या अंथरुणाची सोय होत असेल तर जिभेला शिव्या देणारा मी कोण? फुकट पासवाला!

माझे भांडण वेगळे आहे. चाखणी करा, पण ज्यांच्या नावाने पावती फाडता त्यांना भिंतीशी उभे करू नका. 120 खुर्च्या मांडणाऱ्याला आणखी सहा मांडता येत नाहीत? बोटभर रेघेला सामान असे किती लागते? 12,500 रुपयांच्या शाली आणि स्मृतिचिन्हांतून सहा पाट्या निघाल्या नसत्या? प्रश्न पैशांचा नव्हताच. मुली टेबलावर बसल्या असत्या तर ‘एवढुसं काऊन?’ हा प्रश्न भरसभेत आला असता, आणि त्याचे उत्तर कुणापाशीच नव्हते. भुकेला माणूस शेजारी बसला की चाखता येत नाही. जेवावे लागते. म्हणून तर त्याला बाहेर ठेवतात.

आमच्या भागाला हे नव्याने सांगायला नको. 23 फेब्रुवारी 1878 रोजी शेगावात देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळींवरची शिते वेचून खाताना गजानन महाराज पहिल्यांदा दिसले, अशी परंपरा आहे. आत मंडळी जेवत होती. बाहेर कोण आहे इकडे त्यांचे लक्ष नव्हते. थांबून विचारपूस केली ती रस्त्याने जाणाऱ्या बंकटलाल अगरवालांनी. आज त्याच गावात रोज हजारो माणसे महाप्रसाद घेतात आणि तिकीट कुणी मागत नाही. आमच्याच जिल्ह्यात मेहकर तालुक्यात हिवरा आश्रमाला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात उघड्या शेतात पंगती बसतात, आणि पुरी व वांग्याची भाजी वाढायला चक्क ट्रॅक्टर फिरतात. शेफ मंडळींनाही मोठे भांडे परके नाही. 4 नोव्हेंबर 2017 रोजी दिल्लीत संजीव कपूर यांच्या देखरेखीखाली 918 किलो खिचडी शिजली. नागपूरच्या विष्णू मनोहरांनी 2018 मध्ये एकाच कढईत 3000 किलो खिचडी केली. विक्रमासाठी का होईना, तिथे पळी मोठी होती.

आता कुणी म्हणेल, पंगतीचे फार गोडवे गाऊ नका. गात नाही. पंगतीत कोणी कुठे बसायचे आणि कोणी बसायचेच नाही, हे ठरवण्यात आपल्या गावांनी पिढ्यान् पिढ्या घालवल्या. आजही पुढारी आला की मांडवामागच्या खोलीत टेबल-खुर्ची लागते आणि त्याच्या बुंदीवर काजू असतात. म्हणजे भिंत सगळीकडे आहे. कुठे मुली भिंतीच्या अलीकडे उभ्या, कुठे पुढारी पलीकडे बसलेला. भिंत शहरातली असो की गावातली, माझा शेरा दोन्ही वह्यांत एकच.

तो शेरा मी साडूंच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिला: ‘लाभार्थींची पाने आधी मांडावीत. शिल्लक नंतर काढावी.’ खाली तारीख, सही. साडूंनी वाचला, ‘बरं’ म्हणाले आणि वही कपाटात ठेवली.

त्यानंतर महिन्याभराने आमच्याकडे सप्ताहाचा काला झाला. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. विहिरीच्या पाण्यात वरण शिजायला रुसते, म्हणून आचाऱ्याने गोड्या पाण्याची टाकी आदल्या दिवशीच भरून घेतली होती. वांगी कुणाच्या शेतातून आली, गहू कुणाच्या पोत्यातून, गोवऱ्या कुणाच्या गोठ्यातून. वहीत रोख रक्कम इतकी कमी, की लिहिणाऱ्याला आपण उगीच आहोत असे वाटावे. म्हणून वही मिटून मी वाढायला गेलो. माझ्याकडे वांग्याच्या भाजीची बादली होती.

दुसऱ्या पंगतीत ती आजी बसलेली दिसली. शेजारी सुट्टीवर आलेली नात. मी पत्रावळीवर एक वगराळे भाजी वाढली, मग दुसरे वाढले. तिसरे उचलले तशी ती दोन्ही हात पत्रावळीवर आडवे धरून ओरडली, “बस्स काका, पुरे!”

मी वगराळे हातात धरून क्षणभर तसाच उभा राहिलो. त्या चाखणी संध्येत 121 माणसे दोन तास बसली होती. छान, अप्रतिम, वा वा, सगळे शब्द झाले. हा एक शब्द मात्र कुणाच्या तोंडून निघाला नव्हता. निघणार कसा?

“ओ बँकवाले, भाजी येऊ द्या इकडे!” पंगतीच्या टोकावरून कुणीतरी हाक मारली, आणि मी पुढे सरकलो.

पुढच्या चाखणीची तारीख ठरल्याचे सौ.च्या बहिणीकडून कळले. साडूंनी वही अजून पाठवलेली नाही. पास तर नाहीच.