इंग्रजीशी मैत्री : टिकल म्हणजे नुसत्या गुदगुल्या नव्हेत



एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचा मुलगा आठवीत शिकतो. भाषांतराच्या पेपरात 'इट इज अ टिकलिश क्वेश्चन' असे वाक्य होते. मुलाने लिहिले, 'हा गुदगुल्या करणारा प्रश्न आहे.' वर्गात सर्वांसमोर ते वाचून दाखवले गेले, हशा झाला. तेव्हापासून मुलगा इंग्रजीचे पुस्तक हातात घेत नाही. त्या विचारतात, 'घरच्या शब्दकोशात टिकल म्हणजे गुदगुल्या करणे असेच आहे. मग पोराचे चुकले काय?'

ताई, मुलाने शब्दकोश उघडला, हे आधी चांगलेच केले. आपल्या घरांत इंग्रजी सांगायला बहुधा कोणी नसते, म्हणून कोशातला पहिला अर्थ हाच एकमेव अर्थ वाटतो. हसणाऱ्यांपैकी किती जणांना बरोबर अर्थ येत होता, हेही विचारायला हवे होते.

टिकल म्हणजे गुदगुल्या करणे, हे खरेच. 'द बेबी इज टिकलिश' म्हणजे बाळाला चटकन गुदगुल्या होतात. पण जुन्या इंग्रजीत टिकल हा शब्द डळमळीत, जरा धक्का लागताच कलंडणारा अशा अर्थानेही वापरीत. म्हणून टिकलिश क्वेश्चन म्हणजे नाजूक, जपून हात घालावा असा प्रश्न. वडिलांच्या मागे चाळीतली खोली कोणत्या भावाच्या नावे करायची, हा टिकलिश क्वेश्चन! त्यात हसण्यासारखे काहीच नसते.

घसा खवखवून खोकल्याची ढास येते, तेव्हा 'आय हॅव अ टिकल इन माय थ्रोट' म्हणावे. 'शी वॉज टिकल्ड पिंक' म्हणजे ती फार खूश झाली. तिला कोणी हात लावलेला नसतो. क्रिकेटच्या समालोचनात फलंदाजाने चेंडू 'टिकल' केला म्हणतात, तेव्हा त्याने बॅटचा हलका स्पर्श देऊन तो मागे वळवलेला असतो.

स्टॅन्ले हॉल आणि आर्थर ॲलिन या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी 1897 साली गुदगुल्यांचे दोन प्रकार सांगून त्यांना ग्रीक भाषेवरून जड नावे दिली. मुंगी चालल्यासारखा हलका स्पर्श तो निस्मेसिस. बरगड्यांत बोटे खुपसून हसवणे ते गार्गालेसिस. पाठ करू नका. पहिल्याला आपण हुळहुळणे म्हणतो, दुसऱ्याला गुदगुल्या. दुसरा प्रकार स्वतःचा स्वतःला करता येत नाही, करून पाहा!

आपल्या पालीतही यासाठी शब्द आहे, अंगुलिपतोदक. पतोद म्हणजे बैल हाकायची पराणी; म्हणजे बोटांनी टोचणे. इंग्रजी भाषांतरकार तिथे 'टिकलिंग' लिहितात. विनयपिटकात पाचित्तिय नियमांपैकी 52वा नियम याविषयीच आहे. सावत्थीच्या जेतवनात छब्बग्गिय भिक्षूंनी एका भिक्षूला हसवण्यासाठी गुदगुल्या केल्या. हसता हसता त्याचा श्वास कोंडला आणि तो मरण पावला. तेव्हा भगवान बुद्धांनी भिक्षूंना गुदगुल्या करण्यास मनाई केली.

तो भिक्षू शेवटपर्यंत हसतच होता, हे ध्यानात घ्या. घरी काका-मामा लहानग्याला धरून ठेवतात आणि 'बघा कसा हसतोय!' म्हणतात. ते हसू आवडीचेच असते असे नाही. मुलांना एक वाक्य जरूर शिकवा : 'प्लीज स्टॉप टिकलिंग मी, आय डोन्ट लाइक इट.' मराठीत म्हटले तरी चालेल, पण मोठ्यांनी तेवढ्यावर हात काढला पाहिजे.

ताई, मुलाला सांगा, ते वाक्य पुन्हा लिही : 'हा नाजूक प्रश्न आहे.' आणि त्याच पानावर टिकलची आणखी तीन वाक्ये करून आमच्याकडे पाठव. लाल शाई आम्ही वापरत नाही.