इंजिन गोड गाऊ लागले की सावध



मागच्या पंधरवड्यात आमच्या वस्तीतला दहावीत शिकणारा एक मुलगा आमच्याकडे आला. त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलवर हातभर लांबीची खेळण्यातली मोटार धुरळा उडवत पळत होती. "काका, ही सेलवर चालत नाही, हिला खरे इंजिन आहे. हिचे इंजिन ट्यून करतात म्हणे. ट्यून करतात म्हणजे नेमके काय करतात?" असे त्याने विचारले. आम्ही त्याला उलट विचारले, "तुझे बाबा सकाळी पाठीवर काय घेऊन जातात?" तो म्हणाला, "फवारणीचा पंप." आम्ही म्हणालो, "मग त्या मोटारीची थोरली बहीण तुझ्याच घरात आहे की!"

मुलगा हसला, पण आम्ही थट्टा करत नव्हतो. धुळे, शिंदखेडा, शिरपूर या भागात कपाशीवर फवारणी सुरू झाली की आपले कितीतरी बांधव पेट्रोलचा पंप पाठीवर घेऊन शेतोशेत फिरतात. मजुरी मोजली जाते ती टाकीमागे. पंप चालला तर पैसे, बंद पडला तर दिवस वाया. म्हणून या खेपेस आम्ही या छोट्या इंजिनाविषयी लिहिणार आहोत.

पाठीवरच्या बहुतेक पंपांना २० ते ४० सीसीचे टू स्ट्रोक इंजिन असते. खेळण्यातल्या मोटारीचे इंजिनही टू स्ट्रोकच, पण २ ते ४ सीसीचे. ते मिनिटाला तीस हजारांवर फेऱ्या मारू शकते. त्याला पेट्रोल लागत नाही. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचे मिश्रण लागते. त्यातले तेल पुष्कळदा आपले एरंडेलच असते, कारण ते फार तापले तरी पिस्टनला धरून राहते. ठिणगीचा प्लगही त्यात नसतो. प्लॅटिनमची बारीक तार असलेला प्लग सुरुवातीला बॅटरीने लाल करतात. मग इंजिनाच्या उष्णतेने आणि मिथेनॉलच्या संगतीने ती तार आपोआप लाल राहते.

एवढा फरक सोडला तर दोघींचा जीव एकाच गोष्टीत आहे. टू स्ट्रोक इंजिनाला मोटारसायकलसारखी तेलाची वेगळी टाकी खाली नसते. पिस्टन, रिंग, बेअरिंग यांना जे काही तेल मिळते ते इंधनात मिसळूनच मिळते. म्हणजे इंधन हे इंजिनाचे जेवण आणि पाणी दोन्ही आहे. एक तोडले की दुसरेही तुटते. ही एक गोष्ट पक्की लक्षात ठेवली तर पुढचे सगळे सोपे आहे.

आता ट्यून करणे म्हणजे काय? कार्बुरेटरमध्ये हवा आणि इंधन एकत्र होतात. किती इंधन जायचे ते सुई किंवा स्क्रू ठरवतो. इंधन जास्त झाले तर इंजिन जड चालते, धूर सोडते, प्लग काळा आणि ओला होतो. पण तेल मिळत राहते, म्हणून इंजिन मरत नाही. सुई आवळून इंधन कमी केले की आवाज बारीक होतो, रेस चढते, धूर कमी होतो. माणसाला वाटते, वा, आता कसे गोड गाते आहे! पण त्याच वेळी आतले तेल कमी होत असते आणि उष्णता वाढत असते. असे कोरडे इंजिन शेवटच्या क्षणापर्यंत झकास पळते. मग पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि जाम होतो.

हे आम्ही पुस्तकात वाचून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्याच घरात हे घडले. धूर फार होतो म्हणून आम्ही तेल निम्मे केले आणि वर स्क्रूही आवळला. दोन दिवस पंप असा पळाला की आम्ही चार लोकांना आपली हुशारी सांगितली. तिसऱ्या दिवशी भर वावरात दोरी ओढताच येईना. पिस्टनवर उभे ओरखडे पडले होते. दहा-वीस मिलिलिटर तेल वाचवले आणि नवा पिस्टन, रिंग, शिवाय बुडालेली मजुरी असा खर्च अंगावर घेतला. चूक पूर्ण आमची होती.

म्हणून आधी तेलाचे प्रमाण. आपल्या पंपाच्या पुस्तकात जे लिहिले असेल तेच धरा. १ ला २५ असेल तर एक लिटर पेट्रोलला ४० मिली टू टी ऑइल. १ ला ४० असेल तर २५ मिली. १ ला ५० असेल तर २० मिली. अंदाजाने 'एक धार' ओतू नका. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर मापाचे टोपण येते, ते यासाठी चांगले. मात्र एकदा तेलाला लागलेले टोपण पुन्हा घरात औषधाला वापरू नका, लाल रंग लावून वेगळे ठेवा. वेगळ्या डब्यात मिश्रण करून, हलवून, मग टाकीत ओता. जास्त तेल म्हणजे जास्त सुरक्षित असेही नाही. प्लग काजळतो आणि सायलेन्सर तुंबतो. आणखी एक. काही नवे पंप फोर स्ट्रोक असतात. त्यांचे तेल इंजिनात वेगळे भरतात, पेट्रोलात मिसळत नाहीत. दोन्हींची गल्लत केली तर इंजिन गेलेच समजा.

इंजिन बिघडले की पहिला हात स्क्रूला जातो. तो शेवटी गेला पाहिजे. आधी हवेचा फिल्टर काढून पाहा. कापसाच्या वावरातली धूळ त्यात गच्च बसते. स्पंजचा फिल्टर साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, पुस्तकात सांगितले असेल तर तेलाचा हात फिरवा. मग प्लग काढा. प्लगचा रंग म्हणजे इंजिनाची नाडी. विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळा, ओला असेल तर इंधन किंवा तेल जास्त, नाहीतर फिल्टर तुंबलेला. पांढरा पडला असेल तर इंजिन कोरडे चालले आहे, ताबडतोब थांबवा. स्क्रू कोणी छेडला नसतानाही प्लग पांढरा दिसला तर कार्बुरेटरचे नटबोल्ट ढिले झाले आहेत का, पॅकिंग फाटले आहे का, नळीला चीर आहे का ते पाहा. तिथून चोरून हवा जाते.

शक्ती कमी झाली आणि बाकी सर्व ठीक असेल तर सायलेन्सर काढा. धूर बाहेर पडायच्या तोंडाशी काजळी साचते. दोरी हळू ओढून पिस्टनने ते तोंड झाका आणि लाकडी काडीने काजळी खरवडा. पिस्टन वर आला की काजळीचे कण आत पडत नाहीत. लोखंडी पेचकस वापरू नका, ओरखडा पडतो.

एवढे करूनही सुईला हात लावायचाच असेल तर इंजिन पाच मिनिटे गरम होऊ द्या. स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याच्याही निम्माच फिरवा, थांबा, ऐका. आवाज सर्वात बारीक होतो त्या जागेवर थांबायचे नाही. तिथून थोडे मागे, किंचित इंधन जास्त, थोडा धूर दिसेल असे ठेवायचे. खेळण्यातल्या मोटारीचे शौकीनही हेच करतात. ते इंजिनाच्या माथ्यावर पाण्याचा थेंब टाकतात. दोन-तीन सेकंदांत चर्र करून आटला तर बरे, पडताक्षणी उडाला तर फार तापले. नव्या इंजिनाला तर ते पहिल्या काही टाक्या मुद्दाम जास्त इंधनावर, दमादमाने चालवतात. नवी रिंग टाकलेल्या पंपालाही तीच शिस्त लावा.

हे लिहिताना आम्हाला सोण थेरांची कथा आठवते. साधनेच्या अतिरेकाने त्यांच्या पायांतून रक्त आले, तरी मन शांत होईना. ते पूर्वी वीणा वाजवत. भगवान बुद्धांनी त्यांना विचारले, तार फार ताणली तर वीणा वाजते का? फार सैल सोडली तर वाजते का? सोणांना उत्तर त्यांच्याच हातातल्या विद्येत सापडले. आपल्या हातातली विद्या लहान नाही, हे मुलांना सांगायला यापेक्षा चांगली कथा आम्हाला ठाऊक नाही.

हंगाम संपला की पंप तसाच कोपऱ्यात टाकू नका. टाकी रिकामी करा, इंजिन बंद पडेपर्यंत चालवून कार्बुरेटर कोरडा करा. प्लगच्या भोकातून चार थेंब तेल टाका आणि दोरी दोन-तीनदा हळू ओढा. २०२५ साली देशात पेट्रोलात २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि रबरी भाग खराब करते. म्हणून महिन्यापेक्षा जुने मिश्रण वापरू नका. मिथेनॉलही असेच पाणी ओढते, म्हणून मोटारीचे शौकीन दिवस संपला की इंजिनात तेल सोडतात. नाहीतर बेअरिंग गंजते.

मिथेनॉलचे नाव निघाले म्हणून आयाबहिणींना एक सांगतो. ते विष आहे. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत मिथेनॉलची दारू पिऊन शंभरावर माणसे मेली. असले इंधन घरात येऊ देऊ नका. पेट्रोलही पाण्याच्या बाटलीत ठेवू नका. गरम इंजिनात, पंप पाठीवर असताना, पेट्रोल ओतू नका. आणि इंजिनापेक्षा माणूस मोलाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. तोंडाला फडके, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि वाऱ्याकडे पाठ, हे विसरू नका.

फवारणीच्या ऐन दिवसांतच ३१ जुलै येतो. १९३७ साली बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. त्या आठवणीसाठी आपण दरवर्षी तिथे जमतो. हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते आणि मजुरांच्या मुलांनी तांत्रिक शिक्षण घेऊन कुशल कारागीर व्हावे यासाठी झटले. तो दहावीतला मुलगा परवा पुन्हा आला. बाबांच्या पंपाचा प्लग त्याने स्वतः काढून आणला होता. रंग पाहून म्हणाला, "काका, हा पांढरा आहे, बाबांना आज थांबवले." पॅकिंग फाटलेले निघाले. पाच मिनिटांचे काम. पिस्टन वाचला. दहावीनंतर तो आयटीआयचा अर्ज भरणार आहे.

पुढच्या खेपेस घरच्या शिलाई मशीनविषयी लिहू. जयभीम.